घरी तसा होत नाही, हे कोण म्हणतं?

वडापावाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "काही म्हणा, गाडीवरची चव घरी येत नाही." लगेच दुसरा री ओढतो, "येणार कशी? ते काळं तेल, तो बसचा धूर, गाडीवाल्याच्या हाताचा घाम, हे घरी कुठून आणायचं?" सगळे हसतात आणि विषय तिथेच मिटतो. वाक्य मायेनं बोललेलं असतं, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. पण हटकायलाच हवं. एक तर ते खरं नाही. शिवाय शाळा सुटल्यावर ज्याच्या हातचा वडा खात दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या, त्या माणसाच्या कौशल्याचं सगळं श्रेय ते धुळीला देऊन टाकतं.

कुठल्याही मोठ्या स्टेशनाबाहेर जरा वेळ उभं राहून पाहावं. एकाच फुटपाथवर दोन गाड्या असतात. धूर तोच, धूळ तीच, समोरून वाहणारी गर्दीही तीच. तरी एकीपुढे रांग असते आणि दुसरीवरचा माणूस झारा हातात धरून गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. चव रस्त्यातून येत असती, तर दोन्हीकडे सारखीच आली असती. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. तेवढ्या थांब्यात खिडकीतून घेतलेला दिवाडकरांचा वडा आणि दादरला कीर्ती कॉलेजच्या गल्लीत मिळणारा वडा, दोन्हींची चव वेगळी. कोल्हापुरात तर वडा बऱ्याचदा लादी पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर पुढ्यात येतो, आणि त्याचा आकार पाहून मुंबईकर दचकतो. या फरकाला कारणं आहेत. ती मसाल्यात आहेत, पिठात आहेत, हाताच्या सवयीत आहेत. कारणं आहेत म्हणजे ती शिकताही येतात.

आणि मुळात वडा रस्त्यावर आला कुठून? बटाटेवडा हा आधी घरचाच पदार्थ. पाहुणे आले, सहलीचा डबा न्यायचा असला, पाऊस लागला, की घरोघर कढई चढायची. दादरच्या मामा काण्यांच्या उपाहारगृहासारख्या ठिकाणी तो बशीत चटणीसोबत मिळू लागला, तेव्हाही त्याच्याबरोबर पाव नव्हता. वड्याला पावात बसवण्याचं श्रेय सर्वसाधारणपणे अशोक वैद्य यांना दिलं जातं. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर त्यांची गाडी सुरू झाली. सुधाकर म्हात्रे यांचंही नाव त्याच काळातलं आणि त्याच परिसरातलं. गिरणीच्या पाळीला निघालेल्या कामगाराला उभ्या उभ्या, एका हातात धरून, चालत्या पावली खाता येईल असं काहीतरी हवं होतं. घरचा वडा आणि बेकरीचा पाव एकत्र आले आणि त्याची सोय झाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी चालल्याच नाहीत आणि गिरणगावातल्या कितीतरी कुटुंबांनी पोटासाठी वड्याची गाडी लावली. साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला वडा कुणी शिकवला असेल? त्यासाठी कुठलं विद्यालय नव्हतं. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जी बाई पंचवीस वर्षं वडे करत आली होती, तिचंच प्रमाण, तिचाच हात गाडीवर आला. आजही असंख्य गाड्यांवरची भाजी गाडीवर होत नाही. ती सकाळी कुणाच्या तरी घरी होते; बटाटे तिथेच उकडले जातात, ठेचा तिथेच कुटला जातो आणि झाकलेलं पातेलं गाडीवर येतं. ज्याला "रस्त्याची चव" म्हणून डोक्यावर घेतलं जातं, तिचा निम्मा भाग स्वयंपाकघरात तयार झालेला असतो. घरातून रस्त्यावर गेलेला पदार्थ घरी परत येऊ शकत नाही, हे म्हणणं कशाच्या जोरावर टिकतं?

टिकतं ते मुख्यतः तेलाच्या जोरावर. सगळ्यांत चिवट समजूत तीच. तिच्यात थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं.

अगदी ताज्या, कोऱ्या तेलातला पहिला घाणा फिका निघतो, हे तळण करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तेल थोडं तापून, त्यात एकदोन घाणे निघाले की त्याच्यात असे काही घटक तयार होतात, ज्यांच्यामुळे तेल पदार्थाच्या ओल्या पृष्ठभागाला जास्त चिकटून राहतं. उष्णता नीट पोहोचते, रंग लवकर चढतो. म्हणजे तेल किंचित 'मुरलेलं' असणं फायद्याचंच. पण ही किंचितची गोष्ट झाली. त्याच्या पुढे गेलं की तेल दाट होतं, फेसाळतं, पदार्थात जास्त मुरतं आणि जिभेवर कडवट खवट चव मागे ठेवतं. तेल तापवून तापवून खराब होत जाताना त्यात वाढत जाणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केला आणि तो १ जुलै २०१८पासून लागू झाला. काळ्या तेलाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा प्रामाणिकपणे आठवून पाहावं. ज्या वड्याने घशात जळजळ झाली, तो रांगेच्या गाडीवरचा होता की दुसऱ्या गाडीवरचा? रांगेच्या गाडीवर तेल काळं होईपर्यंत राहतच नाही. वडे इतके निघतात की कढईतलं तेल सतत कमी होत जातं आणि गाडीवाला वरून नवं ओतत राहतो. त्याचं तेल नेहमीच थोडं जुनं आणि बरंचसं नवं असतं.

मग घरी काय करायचं? याचं उत्तर गाडीवरच आहे, फक्त तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. गाडीवाला दिवसाची सुरुवात करताना बेसनाचं थोडं पातळ पीठ बोटांनी तेलात शिंपडतो. त्याचे बारीक कुरकुरीत थेंब तरंगून वर येतात, तो ते झाऱ्याने काढून बाजूला ठेवतो. हाच चुरा. पुढे तो लसणाच्या चटणीत जातो, पावात भुरभुरला जातो, आणि काही ठिकाणी नुसता चुरापाव म्हणूनही खपतो. घरी वडे सोडण्यापूर्वी दोनदा असा चुरा काढला, तर चटणीचा ऐवज हाताशी येतो आणि तेलाचा कोरेपणाही जातो. एवढं केलं की पहिल्या घाण्यालाही रंग येतो. त्यासाठी आठवडाभराचं काळं तेल लागत नाही.

डोंबिवलीतलं एखादं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावं. रविवारची संध्याकाळ, छोटी कढई, अर्धा लिटर तेल. मुलं ओट्याशी घुटमळतायत, म्हणून घाईने एकदम सहा वडे सोडले जातात. आतापर्यंत तेल जोरात चुरचुरत होतं. त्याचा आवाज एकदम बसतो. खरी चूक याच क्षणी होते. गाडीवरच्या कढईत कितीतरी लिटर तेल असतं. त्यात दहा वडे पडले तरी त्याचं तापमान फारसं हलत नाही. घरच्या अर्ध्या लिटरमध्ये सहा गार गोळे गेले की ते धाडकन खाली येतं. तेल १७५-१८० अंशांच्या आसपास असलं, तर पिठातल्या पाण्याची लगेच वाफ होते आणि ती बाहेर पडत राहिल्यामुळे तेल आत शिरत नाही. तेल निवलं की वाफेचा जोर कमी पडतो आणि वडा तेल पिऊ लागतो. एका वेळी दोन किंवा तीनच वडे, जाड बुडाची लोखंडी कढई, आणि कान तेलाच्या आवाजाकडे, एवढं सांभाळलं तरी निम्मं काम होतं. आतली भाजी आधीच शिजलेली असते. शिजायचं असतं ते फक्त वरचं आवरण. आणखी एक गोष्ट. पुष्कळसं तेल वडा बाहेर काढल्यावर, तो निवताना आत जातं. म्हणून गाडीवाला वडे झाऱ्यात निथळवून लगेच जाळीवर टाकतो. घरी ते कागद अंथरलेल्या ताटात एकावर एक रचले जातात आणि खालचा वडा वाफेने मऊ, तेलकट होऊन बसतो. मग म्हणायचं, घरी तसा होत नाही.

भाजी आणि पिठाबद्दल फार लिहायला नको, कारण ते मराठी घरात ठाऊक असतं. तरी तीन ठिकाणी घसरायला होतं. बटाटे सालासकट उकडून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि हाताने कुस्करावेत. मिक्सरमध्ये किंवा पुरणयंत्रात घातले की त्यातला स्टार्च सुटून चिकट लगदा होतो, आणि वडा खाताना बटाट्याची एक तरी फोड दाताखाली आली पाहिजे. दुसरं, आलं-लसूण-मिरची पाणी घालून वाटायची नसते, कुटायची असते. लसणाच्या अख्ख्या पाकळीला तो झणका नसतोच. पाकळी चिरडली की तिच्यातले घटक एकमेकांत मिसळून तो तयार होतो. पाणी घालून केलेल्या वाटणात तो पातळ होतो आणि भाजी ओली होते ती वेगळीच. तिसरं, सोडा. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट. वडा फुगावा म्हणून सोड्याचा हात सैल सोडला की आवरण जाळीदार होतं आणि स्पंजासारखं तेल ओढतं. त्यापेक्षा चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन बरं.

चटणीकडे मात्र थोडं थांबायला हवं, कारण घरचा वडापाव फसतो तो बहुधा इथे. घरी जेवणासोबत केलेली लसणाची चटणी वेगळी आणि वडापावाची वेगळी. सुकं खोबरं भाजलेलं, लाल तिखट, मीठ आणि लसूण, इथवर सारखंच. पण अनेक गाडीवाले लसूण पूर्ण सोलत बसत नाहीत. पातळ सालासकट भाजून तो कुटतात. त्या सालाचा भाजका, किंचित धुरकट वास चटणीला लागतो. त्यात मूठभर चुरा पडतो, चटणी कोरडी आणि रवाळ राहते, पावाच्या आतल्या भागाला धरून बसते. लाल रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी, असं मिश्रणही पुष्कळ ठिकाणी असतं. हे सगळं किराणा दुकानात मिळतं. यात घामाचा एक थेंबही नाही.

आता पाव. इथे प्रतिपक्षाला वाटतं की आपण जिंकलो. "पाव घरी करून दाखवा!" पण पाव घरी कशाला करायचा? गाडीवाला तरी कुठे करतो? लादी बेकरीतून येते, त्याच्याकडेही आणि आपल्याकडेही. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा शब्द आणि हा पदार्थ गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, आणि मुंबईच्या बेकऱ्यांनी आपलासा केला. लादीतले पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात, म्हणून त्यांच्या बाजू मऊ राहतात आणि साल फक्त वरच्या-खालच्या अंगाला धरतं. वडा दाबला की असा पाव दबतो आणि पुन्हा थोडा वर येतो. घरी लोक मॉलमधून गोड, भुसभुशीत, चार दिवसांचे बन आणतात, ते तव्यावर लोण्यात परततात, आणि वर तक्रार करतात. जवळच्या बेकरीत ताजी लादी कधी उतरते, हे एकदा विचारून ठेवायचं आणि त्याच दिवशीची आणायची, बस. मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकडी भट्ट्या सोडून गॅस किंवा विजेकडे वळण्याचे आदेश मिळाले आहेत. पावाच्या चवीची ज्यांना खरोखर काळजी आहे, त्यांनी घामाच्या गप्पांपेक्षा या बदलाकडे आणि त्यात भरडल्या जाणाऱ्या छोट्या बेकऱ्यांकडे लक्ष द्यावं.

कागदाचंही तसंच. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वड्याची ओढ अनेकांना असते. छपाईच्या शाईतली रसायनं गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला नियमाने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्या पुडीचं एक काम खरं होतं. गरम वडा पावात दाबून कागदात गुंडाळला की मिनिटभर वाफ आत कोंडते. पाव ओलसर ऊबदार होतो, चटणी वाफेने सैल होऊन पावात उतरते, वड्याचं आवरण पावाला धरतं. घरी वडा ताटात, पाव शेजारी, चटणी वाटीत अशी मांडणी होते, आणि या तिन्ही गोष्टी एकजीव व्हायची वेळच येत नाही. कोऱ्या कागदात किंवा केळीच्या पानात घट्ट गुंडाळून मिनिटभर ठेवावं आणि मग मुलांच्या हातात द्यावं. फरक पहिल्या घासाला कळतो.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, घरी करायचाच तर 'हेल्दी' करू: एअर फ्रायर, ओट्सचं पीठ, गव्हाचा पाव, रताळं. ज्याला जे पथ्य असेल ते त्याने जरूर पाळावं. पण वड्याचं पीठ पातळ असतं. ते गरम हवेत धरण्याआधी ओघळून जातं आणि आवरण असं उरतच नाही. भाजलेली बटाट्याची टिक्की हा चांगला पदार्थ आहे, तिला टिक्की म्हणावं. तिला वडा म्हणून मुलाच्या पुढ्यात ठेवलं की मूल तोंड वाकडं करतं, आणि घरचे पुन्हा त्याच निष्कर्षावर येतात की घरी होत नाही. महिन्यातून एकदा, ताज्या तेलात, नीट तळलेले दोन वडे खाणं आणि रोज काहीतरी बेचव 'पर्याय' गिळणं, यात पहिलं जास्त शहाणपणाचं आहे.

राहिला आठवणीचा मुद्दा, आणि तो सगळ्यांत हळवा. चव वड्यात नव्हतीच, म्हणे. ती भुकेत होती, मित्रांत होती, शाळेच्या फाटकाबाहेर वाटून खाल्लेल्या अर्ध्या पावात होती. ती ऊब खरी आहे. पण तिच्याने सगळं उलगडत नाही. ज्या मुलाने आयुष्यात शाळेबाहेर वडापाव खाल्लेला नाही, ज्याला त्या दिवसांची आठवणच नाही, तेही चांगल्या गाडीचा वडा मागून मागून खातं आणि वाईट गाडीचा अर्धा टाकून देतं. त्याची जीभ कुठल्या आठवणीवर चालत नाही. सगळं आठवणीवर ढकलणंही शेवटी तेच करतं, जे धुळीवर ढकलल्याने होतं. ज्याने वडा केला तो माणूस गोष्टीतून बाहेर राहतो.

त्या माणसाकडे जे आहे आणि घरी सहज येत नाही, ते एकच, सराव. दिवसाला शेकडो वडे वळणारा हात तराजूशिवाय एकसारखे गोळे करतो. पिठात बोट बुडवून ते किती पातळ करायचं हे ठरवतो, आणि पाठ फिरवलेली असली तरी आवाजावरून घाणा काढायची वेळ ओळखतो. पावाच्या पोटाला एका बाजूने चिरून, आत चटणी पसरून, वडा ठेवून तळहाताने दाबायचा, यात त्याचे चार सेकंद जातात, आणि पाव कधी फाटत नाही. हे एका रविवारात येणार नाही. पण पुरणपोळी तरी एका रविवारात कुणाला आली होती? पहिल्या वर्षी पुरण बाहेर आलं, दुसऱ्या वर्षी पोळी फाटली, सासूने किंवा आईने शेजारी उभं राहून दाखवलं, आणि दहाव्या होळीला ती लुसलुशीत झाली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की पुरणपोळीची चव हलवायाच्या घामात असते. वड्याच्या बाबतीत मात्र एकदा सहा वडे तेलकट झाले की कढई कायमची वर जाते.

ज्यांनी ती वर टाकली नाही, तिसऱ्या-चौथ्या खेपेला ज्यांचा वडा जमला, त्यांचं गाडीवर जाणं सुटत नाही. उलट ते तिथे जास्त वेळ उभे राहतात. कढईत किती वडे सोडले जातात ते मोजतात, चुऱ्याच्या डब्याकडे बघतात. आणि गर्दी थोडी ओसरली की पुढे होऊन विचारतात, "काका, चटणीत लसूण सालासकट घालता ना?" गाडीवाला झारा कढईच्या काठावर टेकवतो, एकदा त्यांच्याकडे नीट पाहतो आणि म्हणतो, "अर्धा सालासकट, अर्धा सोललेला. नुसत्या सालाचा घातला तर कडू होते."